परदेशी निघालेल्या खान्देशी माणसाने हृदय, रक्तदाब आणि साखर कशी सांभाळायची

जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं आज अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियात आहेत. आखातात वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेलेलेही कमी नाहीत. ही मंडळी माझ्या दवाखान्यात साधारण दोनदा भेटतात. जाण्याआधी, व्हिसाच्या मेडिकलला घाबरून. आणि मग काही वर्षांनी सुट्टीत, आईने किंवा बायकोने बळजबरीने आणलेली. मधल्या काळात पोट सुटलेलं असतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढलेलं असतं, आणि “डॉक्टर, तिकडचं खाणंच तसं, काय करणार?” हे वाक्य ठरलेलं असतं.

मला ते पूर्ण खरं वाटत नाही. तिकडे काय खाता हे खोदून विचारलं की पिझ्झा-बर्गर आठवड्यातून एखाद्या वेळचा निघतो. बाकी सगळं आपलंच असतं, पण सणाचं. शेवभाजी, वरण-बट्टी, पुऱ्या, डाळीचे वडे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, गिलक्याची भाजी, अंबाडी, ताक हे जे घरी रोज होतं ते मागे राहतं. आपण परदेशी जाताना सण सोबत नेतो आणि रोजचा दिवस गावी ठेवून जातो. या लेखातल्या बऱ्याच पायऱ्या तो रोजचा दिवस परत कसा आणायचा याच्या आहेत.

आधी समजून घ्या: शरीरात होतं काय

स्थलांतर करणारा माणूस सुरुवातीला तिथल्या स्थानिकांपेक्षा बहुधा निरोगी असतो. तरुण आणि धडधाकट असतो तोच जातो, आणि व्हिसाची चाळणीही असते. ही आघाडी वर्षं सरतात तशी घटत जाते.

यावरचा जुना आणि गाजलेला अभ्यास जपानी पुरुषांचा आहे. हिरोशिमा-नागासाकीत राहिलेले, होनोलुलूला गेलेले आणि सॅन फ्रान्सिस्को भागात स्थायिक झालेले अशा तीन गटांची तुलना झाली. जपानकडून कॅलिफोर्नियाकडे जावं तसा हृदयविकार वाढत गेला. १९७६ मध्ये मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी दाखवलं की कॅलिफोर्नियातल्याच जपान्यांपैकी ज्यांनी जुनी नातीगोती आणि रीत धरून ठेवली त्यांच्यात हा आजार जवळपास जपानइतकाच कमी होता, आणि जे पुरते बदलले त्यांच्यात तीन ते पाच पट. आहार, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगारेट यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला.

आपल्या लोकांवरचा मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९९५ चा अभ्यास. पश्चिम लंडनमध्ये गेलेले भारतीय आणि त्यांचे पंजाबात राहिलेले सख्खे भाऊ-बहीण यांची त्यात तुलना होती. रक्त एकच. तरी लंडनवाल्यांचं वजन, वरचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातल्या चरबीचा अनुवंशिक घटक मात्र दोन्हीकडे सारखाच, आणि गोऱ्या लोकांपेक्षा वरचढ. म्हणजे ओझं गावातून निघतानाच पाठीवर होतं. लंडनने त्यात भर घातली.

हे ओझं दिसत नाही, कारण आपण दिसायला बारीक असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात. ती इन्सुलिनला, म्हणजे साखर उतरवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देत नाही. अशा शरीराचं चालणं सुटलं, झोप तुटली, ताण वाढला की साखर आणि ट्रायग्लिसराइड आधी बिघडतात, वजनाचा काटा नंतर हलतो.

एक गोष्ट पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांसाठी. खेड्यातून शहरातल्या कारखान्यांत आलेले कामगार आणि गावी राहिलेली त्यांची भावंडं यांच्यावर भारतात झालेल्या अभ्यासातही (त्यात नागपूरही होतं) स्थलांतरितांचा मधुमेह शहरी लोकांच्या बरोबरीला आलेला दिसला. पासपोर्ट न काढताही हे होतं.

पायरी १: निघण्याआधी मोजून घ्या

व्हिसाच्या मेडिकलमध्ये पास झालात म्हणजे हृदय ठणठणीत, असं नाही. ती तपासणी मुख्यतः क्षयरोग आणि इतर संसर्गजन्य आजार शोधते. कोलेस्टेरॉल कुणी विचारत नाही. म्हणून स्वतःच्या खर्चाने एवढं करून घ्या.

कंबर. टेप बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही भारतीयांसाठीची धोक्याची रेघ आहे. पॅंटचा नंबर धरू नका, आपण पॅंट पोटाखाली बांधतो.

वजन. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच सावध व्हावं असं सुचवलं. उंची १७० सेंटीमीटर असेल तर हा आकडा साधारण ६६ किलोवरच येतो. ७२ किलोचा माणूस आपल्याकडे “अंगाने बरा” म्हणवतो, पण भारतीय निकषांनी तो लठ्ठपणाच्या उंबऱ्यावर असतो.

रक्त. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए. शाकाहारी असाल तर बी१२ सुद्धा. हिमोग्लोबिन याच वेळी करा, कारण लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटं जास्त येऊ शकतं. नंदुरबार आणि सातपुड्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा अनुवंशिक आजार आढळतो. तो असेल तर एचबीए१सीवर विसंबता येत नाही, साध्या साखरेच्या तपासण्याच धराव्या लागतात. परदेशातल्या डॉक्टरला हे आपणहून सुचेलच असं नाही, तेव्हा तुम्हीच सांगा.

घरचा इतिहास. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोक्याचा मोठा इशारा असतो. “आजोबा झोपेतच गेले” एवढ्यावर थांबू नका. कितव्या वर्षी, आधी छातीत दुखत होतं का, शुगर होती का, हे मोठ्या काकांना, आत्याला विचारून लिहून घ्या. पुढच्या पिढीत हे सांगायला कुणी नसतं.

पायरी २: फाइल आणि औषधं

रिपोर्टची एक फाइल फोनमध्ये आणि एक कागदावर. औषध सुरू असेल तर कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या: अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अटोरव्हास्टॅटिन. जळगावच्या मेडिकलमधलं ब्रँडचं नाव म्युनिकच्या फार्मसीत कुणाला कळणार नाही. औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह न्या. आखातात जाणाऱ्यांनी कोडीनयुक्त खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल परवानगीशिवाय बॅगेत टाकू नये, तिथे यावर कडक कायदे आहेत. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

आकड्यांची भाषाही बदलते. अमेरिकेत आपल्यासारखंच मिलिग्रॅममध्ये मोजतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल. कोलेस्टेरॉल २०० म्हणजे तिकडे ५.२, उपाशीपोटीची साखर १२६ म्हणजे ७.०, ट्रायग्लिसराइड १५० म्हणजे १.७. ब्रिटनमध्ये एचबीए१सी ४८ आलं तर घाबरून “अठ्ठेचाळीस टक्के?” म्हणू नका. ते आपलं ६.५ टक्के आहे. पण निश्चिंतही होऊ नका, मधुमेहाचं निदान तिथूनच सुरू होतं.

पायरी ३: ताट

इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत आणि सगळी गडबड इथेच आहे.

पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे खाणं बसतं ते पुढे वर्षानुवर्षं टिकतं. नवीन घर, एकच कढई, कामाचा ताण. म्हणून ब्रेड, मॅगी, फ्रोजन पराठे, आणि शनिवारी मित्रांकडे शेवभाजी. घरून आलेल्या डब्यात चिवडा, शेव, केळ्याचे वेफर्स, बेसनाचे लाडू. आईचं प्रेम डब्यात येतं तेव्हा ते तळलेलंच असतं, कारण तेच टिकतं. त्याऐवजी काळा मसाला, सुकी अंबाडी, ज्वारीचे बिबडे (भाजून खायला, तळून नाही), कुळीथ, मटकी, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी मागवा. देशोदेशी अन्नपदार्थ आणण्याचे नियम वेगळे असतात, तेवढे आधी बघा.

भाकरी. भारतीय दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते जुनं असतं आणि भाकरी तुटते. पाण्याला उकळी आणून पीठ त्यात टाका, झाकून ठेवा, कोमट झालं की मळा. कळण्यासाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद हे प्रमाण चालतं. घरघंटी नसेल तर ज्वारीच्या पिठात उडदाचं पीठ मिसळा, चव थोडी उणी येते पण पोट तेच भरतं. उडदामुळे प्रथिनं वाढतात आणि साखर सावकाश चढते. मात्र “भाकरी आहे, कितीही खा” हा आपल्याकडचा लाडका गैरसमज इथेच सोडा. ऑफिसात बसणाऱ्याला एक, फार तर दीड. वडील तीन खायचे, पण ते केळीच्या बागेत दिवसभर राबायचे.

भरीत. हिरवं लांबट वांगं मिळणार नाही, जांभळं मोठं मिळेल. गॅसवर भाजलं तर धुराचा अलार्म बिल्डिंग खाली करतो, तेव्हा चिरा देऊन ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास ठेवा. कांद्याची पात जगात सगळीकडे मिळते, हे खान्देशी माणसाचं नशीब. तेल मात्र मोजून. भरितावर तरंगणारं तेल हा पाहुणचार आहे, रोजचं जेवण नव्हे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. घरात माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर या हिशेबाने बाटली आणा आणि ती कधी संपते ते बघा.

शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. महिन्यातून एकदा, चार लोकांना बोलावून, नीट करून खा. शुक्रवारी रात्री एकट्याने पाकिटातली शेव रश्शात टाकून खाणं यात ना सण ना जेवण.

भाज्या तिथल्या घ्या. फ्रोजन पालक, केल, कोबी, ब्रोकोली यांना लसूण-मिरचीची फोडणी द्या, चालतं. डबाबंद राजमा-छोले धुऊन घ्या, वरचं मीठ बरंच जातं. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत असावं, ठेचा, लोणचं, पापड धरून. मांसाहारी असाल तर मासे आणि चामडी काढलेलं चिकन, सॉसेज आणि बेकन कधीतरीच.

पेयांकडे कुणाचं लक्ष नसतं. ३३० मिलिलिटर कोलाच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असते. पाकिटातला संत्र्याचा ज्यूस फारसा वेगळा नाही. आखातातल्या मेसमध्ये घट्ट दुधाचा गोड कडक चहा दिवसातून पाच-सहा वेळा होतो. पोरांनो, तुमची साखर बिर्याणीइतकीच त्या कपांमधून येते.

पायरी ४: हालचाल

आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. आपल्या लोकांना पहिला भाग पटतो, दुसरा नाही. पण बारीक हातापायांच्या आणि सुटलेल्या पोटाच्या माणसाला स्नायूंची गरज जास्त, कारण जेवणानंतरची साखर तेच उचलतात. घरातल्या घरात उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या कॅन उचलणं एवढ्यानेही सुरुवात होते. रात्री जेवून सोफ्यावर बसण्याआधी पंधरा मिनिटं चाला. बर्फ असेल तर मॉलमध्ये, जिन्यात, नाहीतर फोनवर घरी बोलत घरातच.

आखातात उन्हाचं वेगळं गणित आहे. “आम्ही भुसावळचे, आम्हाला उन्हाचं काय” हे तिथे चालत नाही. आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत तो वाळतच नाही, आणि ताप आत साठतो. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम करायला बंदी असते, तो हक्क आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर जाण्याआधी डॉक्टरशी बोला.

पायरी ५: झोप, थंडी, एकटेपणा

भारताच्या वेळेशी जुळवून घेत रात्री उशिरापर्यंत कॉल, सकाळी तिकडचं ऑफिस. झोप सहा तासांखाली गेली की भूक वाढते आणि इन्सुलिनचा प्रतिसाद मंदावतो. घरच्यांशी बोलायची वेळ रविवारी सकाळी ठरवून टाका. रोज रात्री “जेवला का रे?” विचारणाऱ्या आईला समजवायला अवघड जातं, पण ती ऐकते.

कॅनडा-जर्मनीचे हिवाळे अंधारे असतात. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं. ब्रिटनमध्ये अशा लोकांना वर्षभर दिवसाला १० मायक्रोग्रॅमचा सल्ला दिला जातो. ते हाडांसाठी, हृदयाचं औषध म्हणून नव्हे.

एकटेपणात तंबाखू वाढते. आपल्याकडची पुडी तिकडे मिळत नाही म्हणून सिगारेट सुरू होते, किंवा सुट्टीवरून येताना बॅग भरून पुड्या नेल्या जातात. हृदयाच्या दृष्टीने या सगळ्या लेखातली सर्वात फायद्याची एक कृती निवडायची तर तंबाखू सोडणं.

सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागोतल्या दक्षिण आशियाई लोकांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास २०१० पासून चालू आहे. त्यात फक्त आपल्यातच राहणारे, तिथले होऊन गेलेले आणि दोन्हीकडे पाय ठेवणारे असे गट पाडून पाहिले. दोन्ही संस्कृती सांभाळणाऱ्या बायकांचं हृदयाचं चित्र तुलनेने बरं दिसलं. मला यात नवल वाटत नाही. मराठी मंडळात जा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधा, आणि शेजारच्या बाईसोबत तिच्या चालण्याच्या क्लबातही जा.

पायरी ६: तिथला डॉक्टर

आजारी पडण्याआधी डॉक्टर शोधा. ब्रिटनमध्ये जीपीकडे नोंदणी, जर्मनीत हाउसआर्ट्झ, अमेरिकेत विम्याच्या नेटवर्कमधला फॅमिली डॉक्टर. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणी असते. जर्मनीत सरकारी विमा असेल तर ३५ नंतर दर तीन वर्षांनी. अमेरिकेत बहुतेक विम्यांत प्रतिबंधक तपासणीचे पैसे लागत नाहीत. आपली मंडळी हे हप्ते भरतात आणि तपासणी मात्र सुट्टीत जळगावला येऊन करतात, तीही लग्नघरी चार दिवस जेवून. मग ट्रायग्लिसराइड ४०० येतं आणि सगळे घाबरतात.

डॉक्टरसमोर हे वाक्य म्हणा: “मी दक्षिण आशियाई आहे, माझ्या घरात अमुक वयात हृदयविकार आहे, माझी साखर आणि लिपिड लवकर तपासा.” अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. तिथल्या मधुमेह संघटनेनेही आशियाई लोकांची तपासणी २३ बीएमआयपासून करावी असं म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही लाड मागत नाही आहात.

घरी रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवा. चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबून, पाच मिनिटं टेकून बसून, हात छातीच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा. घरी सातत्याने १३५/८५ च्या वर असेल तर डॉक्टरकडे जा.

पायरी ७: आई-वडील आले की

नातवासाठी सहा महिने आलेल्या आईचं गावाकडचं भजनी मंडळ, बाजार, ओटा सगळं सुटतं. ती दिवसभर घरात, आणि मुलाला आवडतं म्हणून रोज तळण. वडील टीव्हीसमोर. रक्तदाब थंडीत वाढतो आणि उन्हाळ्यात थोडा उतरतो. एप्रिलमध्ये इकडे डोस कमी केलेला असेल तर टोरांटोच्या जानेवारीत तो अपुरा पडू शकतो. यंत्राने मोजा आणि इकडच्या डॉक्टरला कळवा. विमा घेताना आधीचा मधुमेह, रक्तदाब लपवू नका, दावा नेमका तिथेच नाकारला जातो. लांबच्या विमानप्रवासात दर दोन तासांनी उठून चालायला लावा.

पायरी ८: छातीत दुखलं तर

छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप. बायकांत आणि मधुमेहींत नुसती मळमळ आणि थकवाही असू शकतो. ओवा-सोडा घेऊन वाट बघू नका, गावाकडच्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅप करू नका (मला रात्री दोनला येतात असे मेसेज), आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, अमिरातीत रुग्णवाहिकेला ९९८, सौदीत ९९७. अ‍ॅलर्जी नसेल आणि फोनवरचा माणूस सांगेल तर अ‍ॅस्पिरिन चावून खा. आई-वडील घरी एकटे असतील तर नंबर आणि घराचा पत्ता फ्रिजवर त्यांना वाचता येईल अशा मोठ्या देवनागरीत चिकटवा. अमेरिकेत बिलाच्या धास्तीने कुणी घरी थांबू नये. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या इमर्जन्सी विभागाला विमा असो नसो, रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, आणि त्यावर बोलणी करता येतात.